बिरजू ते मकबूल : हिंदी चित्रपटातील पतित नायक

हिंदी चित्रपटातील खलनायकांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. बरेचसे लेखन आवाज, लकब, संवादफेक यांपाशीच थांबते. कन्हैयालालचा सावकार, प्राणचा बदमाश, अमजद खानचा गब्बर हे सारे आपल्या लक्षात आहेत. त्यांची नक्कल केल्याशिवाय शाळा-कॉलेजांचे स्नेहसंमेलन पार पडत नाही. परंतु या खलनायकांसाठी आपण कधी रडलो नाही. गब्बर सापडतो तेव्हा प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो, आणि बिरजूला गोळी लागते तेव्हा त्याच प्रेक्षकाच्या छातीत काहीतरी तुटते. वास्तविक दोघेही डाकू, दोघांच्याही हाताला रक्त. मग हा फरक येतो कुठून, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

प्रचलित उत्तर असे की, बिरजूवर अन्याय झाला होता. हे उत्तर आम्हाला अपुरे वाटते. अन्याय झालेली माणसे पडद्यावर शेकड्याने आली आणि विसरलीही गेली. अन्यायाने माणूस दयेला पात्र ठरतो, शोकांतिकेला नव्हे. शोकांतिकेचा नायक फार सज्जन नसावा, फार दुष्टही नसावा, आणि त्याचा नाश त्याच्या स्वतःच्या एखाद्या चुकीतून व्हावा, असे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. आमच्या मते हिंदी चित्रपटाने या सूत्रात एका गोष्टीची मोलाची भर घातली. नायक पडतो तो घरासाठी, आणि त्याचा न्यायही घरच करते. त्याला लागणारी गोळी पोलिसांच्या ठाण्यातून आली तर तो गुन्हेगार मरतो. ती घरातून आली तर माणूस मरतो.

मेहबूब खान यांचा 'मदर इंडिया' 1957 सालचा. त्यांनीच 1940 साली काढलेल्या 'औरत'चे ते दुसरे रूप होते. त्यातला बिरजू लहानपणापासून सुक्खीलालाच्या वहीकडे रागाने पाहतो. त्या वहीतली अक्षरे त्याला वाचता येत नाहीत, आणि त्या अक्षरांनीच आपले धान्य नेले एवढे मात्र कळते. आईचे कंगण सावकाराकडे गहाण पडले आहेत. पुढे तो सावकाराला मारतो, वह्या जाळतो, कंगण परत मिळवतो. इथपर्यंत प्रेक्षक पूर्णपणे त्याच्या बाजूने असतो. आमच्या मते मेहबूब यांचे थोरपण पुढच्या पायरीत आहे. बिरजू सावकाराच्या मुलीला, रूपाला, पळवून नेऊ लागतो. ज्या राधाची अब्रू सावकाराने मागितली होती तिचाच मुलगा आता सावकाराच्या मुलीची अब्रू घेऊ पाहतो. अन्यायाचा बदला घेता घेता तो अन्याय करणाऱ्याच्याच जागी जाऊन बसला. राधा बंदूक उचलते ती या क्षणी. मरताना बिरजूच्या हातात तेच कंगण असतात. ज्यासाठी पडला ती वस्तू त्याने मिळवली, ज्याच्यासाठी मिळवली त्या व्यक्तीने त्याला मारले. एवढ्या साध्या मांडणीत सगळी शोकांतिका सामावली आहे.

चार वर्षांनी, 1961 साली, 'गंगा जमना' आला. दिग्दर्शन नितीन बोस यांचे होते, तरी कथा आणि निर्मिती दिलीपकुमार यांची. संवादलेखक वजाहत मिर्झा 'मदर इंडिया'च्या संवादलेखनातही होते, तेव्हा दोन्ही चित्रपटांची नाळ एकच आहे असे म्हणायला हरकत नाही. गंगा स्वतः राबून धाकट्या भावाला शहरात शिकवतो. जमीनदार हरीराम त्याच्यावर खोटा आळ घेतो, गंगा रानात जातो, डाकू होतो. शिकून परतलेला जमना पोलीस अधिकारी झालेला असतो. म्हणजे गंगाला पकडायला येणारी वर्दी गंगाच्याच घामातून शिवलेली! जमनाची भूमिका दिलीपकुमार यांचे सख्खे बंधू नासिर खान यांनी केली. भावाने भावाला गोळी घालण्याच्या प्रसंगाला त्यामुळे जी धार आली, ती केवळ अभिनयाची म्हणता येणार नाही.

'दीवार' (1975) हा या दोघांचा शहरात वाढलेला वारसदार. सलीम-जावेद यांनी विजयच्या हातावर त्याच्या बापाची बदनामी गोंदवली आणि खिशात 786 चा बिल्ला दिला. गोदीतले रहीमचाचा त्याला त्या आकड्याचा अर्थ समजावून सांगतात. देवळाची पायरी न चढणारा हा मुलगा तो बिल्ला मात्र शेवटपर्यंत जवळ बाळगतो. आमच्या पिढीच्या मोहल्ल्यांत 'दीवार' इतका आपला का वाटला, याचे एक कारण त्या बिल्ल्यात आहे. परंतु तो केवळ टाळीसाठी घातलेला नाही. एकदा तो गोळी अडवतो, आणि शेवटी भाऊ मागे लागलेला असताना तोच बिल्ला हातून निसटतो. चित्रपट असे सुचवतो की जे राखण करत होते ते आता राखण करणार नाही, कारण राखण करावी असे माणसाजवळ काही उरले नाही.

विजयचे अधःपतन ज्या प्रसंगाने पूर्ण होते तो दरोड्याचा नाही, खरेदीचा आहे. आईने ज्या इमारतीवर विटा वाहिल्या ती तो विकत घेतो. त्याचा हिशेब सरळ आहे. अपमान पैशामुळे झाला, म्हणून पैशानेच तो धुऊन निघेल. त्याची प्रमादाची जागा नेमकी ही. लहानपणी फेकलेले पैसे न उचलणारा मुलगा मोठेपणी आपणच पैसा फेकू लागतो, आणि आपण बदललो हे त्याच्या ध्यानात येत नाही. आई त्याचे घर सोडून धाकट्याकडे जाते तेव्हा त्याला ते उमगते, पण मागे फिरायचा रस्ता तोवर बंद झालेला असतो. आईच्या मांडीवर, देवळात, तो मरतो.

याच लेखकद्वयाने 1982 साली रमेश सिप्पी यांच्या 'शक्ती'त हाच पेच बाप-लेकात मांडला. अपहरण झालेला लहानगा विजय बापाचे फोनवरचे शब्द ऐकतो. मुलाच्या जिवापुढेही कायदा न झुकवणारे ते शब्द असतात. बापाचे चुकत नाही, मुलाचेही चुकत नाही, आणि दोघांमध्ये कायमची भिंत उभी राहते. अखेरीस बापच मुलावर गोळी झाडतो. हा बाप दिलीपकुमार यांनी उभा केला. 1961 साली भावाच्या गोळीने पडलेला गंगा 21 वर्षांनी बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला! हिंदी चित्रपटाने आपल्याच कथेला दिलेले याहून सुंदर उत्तर आम्हाला माहीत नाही.

महेश मांजरेकर यांच्या 'वास्तव'मध्ये (1999) पुन्हा आई येते. रघू हा मुंबईच्या चाळीतला, पावभाजीची गाडी लावणारा मराठी मुलगा. एका भांडणात हातून खून होतो आणि मग थांबता येत नाही. अंगावरचे पन्नास तोळे सोने आईला दाखवणारा रघू आणि भीतीने वेडापिसा होऊन त्याच आईपुढे सुटकेची भीक मागणारा रघू, या दोन टोकांमध्ये सारा चित्रपट आहे. रीमा लागूंची आई राधासारखी न्याय करत नाही. ती मुलाला सोडवते. गोळी तीच, पण 42 वर्षांत तिचा अर्थ बदलला.

एवढ्या उदाहरणांवरून काही खुणा हाती लागतात. पहिली, नायकाची मूळ उंची आपण डोळ्यांनी पाहिलेली असावी लागते. जो कधी उभाच नव्हता तो पडला असे म्हणता येत नाही. दुसरी, त्याच्या पडण्याला कारण असावे, पण ते कारण पुरेसे नसावे. कारण आणि कृती यांच्यामध्ये त्याची स्वतःची निवड दिसली पाहिजे. राधाच्या घरात वाढलेला रामू डाकू होत नाही, विजयचा भाऊ रवी तस्कर होत नाही. एकाच चुलीवरचे दोन भाऊ दाखवण्यामागचे प्रयोजन हेच आहे. तिसरी, त्याला कळले पाहिजे. आपण काय होतो आणि काय झालो, हे ज्याला शेवटपर्यंत कळत नाही त्याची कीव येईल, शोक होणार नाही.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. बिरजू, गंगा, विजय, रघू या सर्वांना ही उंची मिळाली. मात्र पडद्यावरचा खलनायक जेव्हा आपल्यातल्या नावाचा असतो तेव्हा त्याला ती मिळते का? 1990 नंतरच्या अनेक चित्रपटांत असे दिसते की, त्याचे नाव हेच त्याचे कारण ठरते. त्याला आई नसते, भाऊ नसतो, घर नसते. असलेच तर एखादा अंधारा अड्डा असतो. मग त्याच्यावर गोळी झाडायला घरातले कोण येणार? 'सरफरोश' (1999) मधला गुलफाम हसन हा थोडा अपवाद. गझलगायक आणि शस्त्रांच्या व्यापारातला सूत्रधार, मुहाजिर असल्याची सल उराशी बाळगणारा. नसीरुद्दीन शाह यांनी त्याच्या गळ्यात खरे दुःख ठेवले. पण चित्रपटाला ते दुःख फार वेळ ऐकायचे नव्हते. उलट टोक म्हणजे 'पद्मावत' (2018) मधला अलाउद्दीन. रणवीर सिंगच्या अभिनयात जोर आहे, नजर हटत नाही, हे आम्ही मान्य करतो. तरीही पहिल्या दृश्यापासून तो हिंस्र आहे आणि शेवटीही तेवढाच. त्याचे पतन होत नाही, कारण त्याला पडायला उंचीच दिलेली नाही.

खालिद मोहम्मद यांच्या 'फिजा'ने (2000) हे घर परत द्यायचा प्रामाणिक प्रयत्न केला. 1993 च्या मुंबईतील दंगलीत अमान नाहीसा होतो. आई वाट पाहत झिजते, बहीण शोधायला निघते, आणि शेवटी त्याच्याच विनवणीवरून तीच त्याला गोळी घालते. बिरजूची परंपरा येथे मुस्लिम घरात आली, ही लहान गोष्ट नव्हे. असे असूनही 'फिजा' आपल्याला 'मदर इंडिया'इतका हलवत नाही. अमानच्या हाती बंदूक येण्यामागची दंगल आपण पाहतो, बंदूक आल्यानंतरचा अमानही पाहतो. मधली निवड मात्र घाईत उरकली जाते. दंगल झाली म्हणून बंदूक आली, असे समीकरण तयार होते. ते सहानुभूतीने मांडलेले असले तरी समीकरणच आहे. त्याच दंगलीत होरपळून पुन्हा दुकान उघडणारी, मुलांना शाळेत पाठवणारी हजारो माणसे त्या समीकरणात बसत नाहीत. दया दाखवतानाही आमची निवड करण्याची ताकद कोणी काढून घेऊ नये, एवढीच आमची मागणी आहे.

ती मागणी विशाल भारद्वाज यांच्या 'मकबूल'ने पुरी केली. 2004 च्या जानेवारीत तो प्रदर्शित झाला. मूळ कथा शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'ची. शि. म. परांजपे यांनी 'मानाजीराव' म्हणून आणि शिरवाडकरांनी 'राजमुकुट' म्हणून ती मराठीत आणली, तेव्हा मराठी वाचकाला ती अनोळखी नाही. भारद्वाज यांनी ती मुंबईच्या गुन्हेगारी जगातल्या एका मुस्लिम घरात ठेवली. तिथे नमाज आहे, दर्गा आहे, लग्नघरातली धांदल आहे, उर्दूची अदब आहे. मात्र यातली एकही गोष्ट गुन्ह्याचे कारण म्हणून येत नाही. ती फक्त घरातली हवा आहे. मकबूल खून करतो तो निम्मीच्या इश्कापायी, आणि अब्बाजींची मुलगी गुड्डूला दिली की आपण कायमचे चाकर राहू या भीतीपायी. पंडित आणि पुरोहित हे दोन पोलीस भविष्य सांगतात, फूस लावतात, हात मात्र मकबूलचाच असतो. ज्या अब्बाजींनी पोटच्या मुलासारखे वाढवले त्यांनाच तो त्यांच्या बिछान्यावर मारतो.

इरफान खान यांच्या अभिनयातील डोळे हा या चित्रपटाचा खरा संवाद आहे. खुनाच्या आधी त्यात भीती आहे, नंतरही भीतीच आहे. विजयाचा एकही क्षण नाही. तब्बूची निम्मी अखेरीस भिंतींवरचे नसलेले रक्त पुसत राहते, आणि निदान आपले प्रेम तरी पाक होते ना, असे विचारते. मकबूलजवळ उत्तर नसते. बिरजूजवळ कंगण होते, विजयजवळ आईची मांडी होती. मकबूलला शिक्षा द्यायला घरातले कोणी उरलेले नाही, कारण ते घर त्याने स्वतःच्या हाताने संपवले आहे.

मग तो दवाखान्यात जातो, बाळाला न्यायला. काचेपलीकडे गुड्डू आणि समीरा ते बाळ जवळ घेताना दिसतात. ज्यांच्या बापांना त्याने मारले, तेच त्याच्या लेकराला पदरात घेतात. मकबूलच्या हातातली बंदूक खाली पडते. तो बाहेर येतो आणि ज्याच्याशी त्याचे कुठलेही नाते नाही अशा बोटीच्या गोळीने रस्त्यावर मरतो. मकबूल या शब्दाचा अर्थ कबूल झालेला, स्वीकारलेला. नाव त्याचे, पण स्वीकार झाला तो त्याच्या बाळाचा. बंदूक टाकण्यात तौबा होती की केवळ थकवा, हे चित्रपट सांगत नाही, आणि ते न सांगणेच योग्य आहे. आमच्या मते तो न्याय घरानेच केला, फक्त या वेळी गोळीशिवाय. बोटीची गोळी येण्यापूर्वीच मकबूल संपलेला होता.

अशा चित्रपटांनी गुन्हेगारीला मोठेपण येते, तरुण बिघडतात, असा आक्षेप घेतला जातो. विजयची चाल आणि त्याचा तोरा मुले उचलतात हे खरे. पण तो दोष चित्रपट अर्धा पाहण्याचा आहे. ज्याने शेवट पाहिला त्याला तोऱ्याची किंमत ठाऊक आहे. खरा धोका उंची नसलेल्या खलनायकात आहे. तो पाहून प्रेक्षक एका समूहाचा द्वेष शिकतो आणि स्वतःविषयी मात्र निश्चिंत राहतो. पतित नायक पाहताना ही निश्चिंती राहत नाही. आपणही या घरात असतो तर कोणता भाऊ झालो असतो, हे त्याला स्वतःलाच विचारावे लागते.

आमच्या लेखकांनी पडद्यावर फक्त सज्जन रहीमचाचा मागू नयेत. रहीमचाचा फार झाले. चुकणारा, निवडणारा, कळून चुकलेला आणि घराने ज्याच्यासाठी मातम केला असा माणूस मागावा, आणि मागून मिळत नसेल तर आपल्या कथा-कादंबऱ्यांतून तो स्वतः लिहावा. ज्या समाजाला स्वतःची शोकांतिका लिहिता येते, त्याला खलनायक म्हणून रंगवणे इतरांना सोपे जात नाही.