इतिहासाचा निबंध : यादी आणि युक्तिवाद

अमरावती-अकोल्याकडील पदवीचा विद्यार्थी १८५३ च्या वऱ्हाड-हस्तांतरणावर लिहितो, तेव्हा 'निजामाचे कर्ज' हे कारण क्रमांक घालून मांडतो आणि पुढच्या कारणाकडे वळतो. गाईडने त्याला एवढेच शिकविलेले असते. वस्तुतः ती थकबाकी मुख्यत्वे हैदराबाद कंटिन्जंटच्या खर्चाची. फौज निजामाच्या पैशावर पोसलेली, हुकमत मात्र इंग्रज अधिकाऱ्यांची. मग हे कर्ज कोणाच्या सोयीने वाढले? हा प्रश्न पडला की यादी मोडते, एक वाक्य दुसऱ्याला जाब विचारू लागते. गुण कदाचित कमीच पडतील. परंतु १९०२ च्या कायम पट्ट्याविषयी लिहिताना तोच विद्यार्थी वार्षिक २५ लाखांचा आकडा नुसता नोंदवीत नाही. त्या रकमेच्या मोबदल्यात निजामाने काय गमावले, हे तपासू लागतो.