हळदीला वाजलेली ‘तांबडी चामडी’

२०२५ चा मे महिना. लाखनीजवळचं गाव, नवतपा लागायला चार दिवस. माझ्या मावसबहिणीची हळद. तिला पाटावर बसवलंय, पाच बायका तिच्या हातापायांना हळद चोळतायत आणि मावशी दर पाच मिनिटांनी मांडवाच्या टोकावरून ओरडतेय, “बाई, सावलीत सरक, फोटो कारे येतीन!” (आमच्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही. काळी इथे ‘कारी’ होते.) नवरी उजळावी म्हणून सगळी खटपट चाललेली असताना धुमालवाल्याने गाणं लावलं, ‘तांबडी चामडी’.

मला हसू आलं. मग वाटलं, हे गाणं आपण नीट ऐकलेलंच नाही. रील्समध्ये पंधरा-पंधरा सेकंद ऐकलंय, बस.

गाणं २०२४ चं. क्रेटेक्स म्हणजे कृणाल घोरपडे आणि श्रेयस सागवेकर, या जोडीचं. नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने ते काढलं. डान्स म्युझिक ऐकणाऱ्यांना या लेबलचं वजन माहीत असतं. क्रेटेक्स आपल्या प्रकाराला ‘एम-हाउस’ म्हणतो, मराठी हाउस. खाली हाउसचा चार ठोक्यांचा न थांबणारा किक, वर मराठी शब्द. शब्द थोडे, तेच ते फिरून येणारे. पहिल्यांदा ऐकल्यावर मी मित्राला म्हणालो होतो, हे गाणं नाही, टी-शर्टवर छापायची ओळ आहे.

ते मत मी आता अर्धं मागे घेतो. पुन्हा पुन्हा तेच म्हणणं हा हाउसमधला आळस नव्हे, ती त्याची रीतच आहे. आमच्याकडच्या खडी गंमतीत शाहिराने टाकलेली ओळ मागचे साथीदार धरून ठेवतात, समोरचे लोक रंगेपर्यंत सोडत नाहीत. तिसऱ्यांदा ओळीचा अर्थ संपतो, सातव्यांदा ती अंगात उतरते. ‘तांबडी चामडी’ तेच करते. मात्र गंमतीतला शाहीर समोरची माणसं बघून ओळ ताणतो. रेकॉर्डवरचं गाणं कोणाकडे बघत नाही.

धुमालवाला बघतो. नागपूर-भंडारा-दुर्ग पट्ट्यात लग्नाला गेला असाल तर तुम्हाला माहीत आहे, धुमाल म्हणजे गाडीवर पॅड, ताशे, की-बोर्ड आणि डोळे दिपवणारे लाइट. हाउसचा सपाट ठोका त्यांना सहनच होत नाही. त्या दिवशी पॅडवाल्या पोराने दर चौथ्या ठोक्यावर ताशाची भर घातली आणि युरोपच्या क्लबसाठी घासूनपुसून चकचकीत केलेलं गाणं पाच मिनिटांत धुळीने माखलं. खरं सांगू? मूळ रेकॉर्डपेक्षा मला ते जास्त आवडलं. मूळ गाणं फार स्वच्छ आहे. उन्हाबद्दलचं गाणं, पण त्यात घाम नाही.

शब्दाकडे येतो, कारण या गाण्यातली सगळ्यात धाडसी गोष्ट मला त्याच्या नावातच दिसते. जाहिरातीत ‘त्वचा’ असते. स्थळाच्या बायोडाटात ‘वर्ण’ असतो, त्यापुढे निमगोरा किंवा गव्हाळ. कवितेत ‘कांती’. ‘चामडी’ कुठे असते? ‘चामडी सोलीन’मध्ये. मार, जनावर आणि चपला यांच्या शेजारी राहणारा हा शब्द, गोऱ्या माणसाबद्दल बोलताना सहसा कोणी वापरत नाही. तो उचलून नाचायला लावणं याला हिंमत लागते. ‘तांबडी त्वचा’ म्हणून बघा, गाणं तिथल्या तिथे मरतं.

हाउस संगीताचा जन्मही कातडीपासून फार लांबचा नाही. शिकागोच्या ‘वेअरहाउस’ क्लबमध्ये १९७७ पासून फ्रँकी नकल्स रेकॉर्ड वाजवायचा. नाचायला येणारे बहुतेक काळे आणि गे तरुण, ज्यांना इतर क्लबांत धड जागा नव्हती. त्याच शहरात १२ जुलै १९७९ ला बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्ड्स स्फोटाने उडवून जल्लोष झाला होता. ते संगीत फिरत फिरत मराठीत आलं आणि कातडीवरच बोललं. हे ठरवून झालं की आपोआप, मला फरक पडत नाही.

पण मग ‘तांबडी’च का? इथे मी अडतो. तांबडी म्हणजे उन्हाने भाजून लाल-तपकिरी झालेली. हा रंग आपल्याला चालतो. तो मातीचा, रांगडा, फोटोत छान दिसणारा रंग आहे. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’तलं ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं, त्यानंतर चमकण्याला कोणाचाच विरोध उरलेला नाही. तांबडी चमकते. काळीचं काय?

आमच्याकडे जुलैत धानाची रोवणी चालते तेव्हा बांधीत वाकलेल्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालतात, डोक्याला दुपट्टा गुंडाळतात. चिखल आणि ऊन दोन्हींपासून जेवढं अंग वाचेल तेवढं वाचवायचं. उन्हात चमकावं असं त्यांच्यातल्या कोणालाही वाटत नाही. उन्हाचा अभिमान धरायला उन्हातून घरात जायची सोय लागते. हे गाणं त्या सोयीतून आलेलं आहे. तो काही गुन्हा नाही, मीही पंख्याखाली बसूनच हे लिहितोय. पण ते ऐकू येतं.

माझी मावसबहीण काळी आहे. निमगोरी नाही, गव्हाळ नाही. दोन स्थळं तिला बघून गेली आणि दोन्हींकडून ‘कळवतो’ आलं. तिसऱ्याने होकार दिला तेव्हा मावशी तीनदा म्हणाली, “पोरगा लई चांगल्या मनाचा आहे,” आणि बहीण तिन्ही वेळा स्वयंपाकघरात निघून गेली.

हळदीच्या रात्री मांडवात आम्ही दोघंच उरलो होतो. मी म्हणालो, धुमालवाल्याने गाणं मात्र भारी लावलं.

“त्यानं नाही, मीच चिठ्ठी पाठवली होती,” ती म्हणाली.

मी माझी सगळी टीका तिला ऐकवली. घाम नाही, सोयीतून आलंय, तांबडी म्हणजे काळी नव्हे. ती नखांतली हळद काडीने काढत ऐकत होती.

“मालूम आहे मले,” ती म्हणाली. “पन कारी चामडी म्हनून कोनी गाना काढला काय? काढला असन तं सांग. उद्या वरातीत तोच लावू.”

मी फोन काढून शोधायला लागलो. मांडवात नेटवर्क एकच कांडी होतं.