यंत्राचें वाचन आणि लेखकाचा हक्क

कायद्याचे पंडित जें लिहितात तें सामान्य वाचकानें वाचावें असा आपल्याकडे प्रघात नाहीं. तें रुक्ष असतें आणि त्याचा घरसंसाराशीं कांहीं संबंध नसतो, अशी आपली समजूत असते. परंतु गेल्या चाळीस वर्षांत संगणक आणि ग्रंथस्वामित्व ह्या विषयावर अमेरिकेंतील विद्यापीठीय नियतकालिकांत जें संशोधन प्रसिद्ध झालें, त्याचा संबंध लिहिणाऱ्या व वाचणाऱ्या प्रत्येकाशीं आहे. त्यांपैकीं तीन निबंधांचा येथें विचार करावयाचा आहे. ते क्रमानें वाचले असतां मूळ प्रश्न कसा बदलत गेला आणि त्याचें उत्तर कोठें अडलें, हें स्वच्छ दिसतें.

पहिला निबंध पामेला सॅम्युअलसन ह्या विदुषींचा. तो १९८६ सालीं पिट्सबर्ग विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकांत आला. संगणकाकडून एखादी कृति निर्माण झाली तर तिचें स्वामित्व कोणाचें, हा त्यांचा प्रश्न. यंत्राचें, यंत्राची आज्ञावली रचणाऱ्याचें, तें वापरणाऱ्याचें, दोघांचें मिळून, कीं कोणाचेंच नाहीं? प्रत्येक पर्यायाची नीट झडती घेऊन त्या वापरणाऱ्याच्या पदरीं हक्क घालतात. यंत्राला हक्काचें आमिष लागत नाहीं, आणि आज्ञावली रचणाऱ्यास ती विकून मोबदला मिळालेलाच असतो, हा त्यांचा युक्तिवाद निर्मळ आहे. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यानें आणि आपल्या १९५७ च्या कायद्यांत १९९४ सालीं झालेल्या दुरुस्तीनेंही असेंच एक उत्तर दिलें. आपला कायदा संगणकजन्य कृति घडवून आणणाऱ्या व्यक्तीस लेखक मानतो. उलट वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें मानवी लेखकावांचून स्वामित्व नाहीं असा निर्णय दिला.

निबंध इतका व्यवस्थित असूनही आज वाचतांना चुटपुट लागते. त्याचा सारा रोख यंत्रांतून बाहेर काय पडतें ह्यावर आहे. आंत काय गेलें हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहतो. हा लेखिकेचा दोष नव्हे, काळाची मर्यादा आहे. कोट्यवधि पानें वाचून भाषा शिकणारें यंत्र तेव्हां घराघरांत आलें नव्हतें.

दुसरा निबंध ही उणीव भरून काढतो. जेम्स ग्रिमेलमन ह्यांनीं तो २०१६ सालीं आयोवा विद्यापीठाच्या नियतकालिकांत लिहिला. त्याला पार्श्वभूमि होती ती गूगलच्या खटल्याची. ह्या कंपनीनें लक्षावधि ग्रंथांच्या यांत्रिक प्रती करून घेतल्या आणि शोधणाऱ्यास त्यांतील त्रोटक उतारे दाखविले. २०१५ सालीं अपील न्यायालयानें तो वापर न्याय्य ठरविला. अशा निर्णयांवरून ग्रिमेलमन जें अनुमान काढतात तें विचार करावयास लावणारें आहे. माणसानें परवानगीवांचून प्रत करून वाचलें तर अपराध, यंत्रानें वाचलें तर तें वाचनच नव्हे, अशा टोकाला कायदा जवळजवळ नकळत येऊन पोंचला; आणि जो कायदा माणसांसाठीं झाला त्याच्या कडेला माणूसच जाऊन बसण्याची वेळ आली! ग्रिमेलमन निकालाची घाई करीत नाहींत. तीन निबंधांत हाच मला अधिक मोलाचा वाटतो, कारण आपल्या शास्त्रांतील विसंगति झांकण्याऐवजीं तो ती उघड करतो.

तिसरा निबंध मार्क लेम्ली आणि ब्रायन केसी ह्यांचा, २०२१ सालीं टेक्सस येथील नियतकालिकांत आलेला. त्यांचें म्हणणें असें: कल्पना आणि माहिती ह्यांवर कोणाचेंच स्वामित्व नसतें, यंत्र ग्रंथांतून तेवढेंच शिकणार असेल तर त्या शिकण्यास आडकाठी नसावी. शिवाय असंख्य धन्यांची एकेक परवानगी मिळविणें अशक्य आहे. हा दुसरा मुद्दा व्यवहाराचा आहे आणि तो सहज खोडतां येत नाहीं.

परंतु पहिल्या मुद्द्याला बळ येतें तें एका उपमेमुळें. यंत्र विद्यार्थ्याप्रमाणें शिकतें, ही ती उपमा. ती तपासून पाहावयास हवी. गांवच्या वाचनालयांतून एक मुलगा पुस्तक आणतो. त्यासाठीं वडील वर्गणी भरतात. पुस्तक तो पंधरा दिवसांत परत करतो, अर्धें विसरतो, उरलेलें मित्राला सांगतो. पुढें कमावूं लागला म्हणजे तेंच पुस्तक विकत घेतो. क्वचित् स्वतः लिहितो, आणि त्याचें लेखन दुसरा कोणी वाचतो. लेखक जगतो तो ह्या देवघेवीवर. यंत्र ह्या फेऱ्यांत कोठेंच उभें नाहीं. तें एकदां घेतें आणि मूळ लेखकाकडे ग्राहक पाठविण्याऐवजीं त्याच्याच दारापुढें दुकान मांडतें. विद्यार्थ्याला जी मोकळीक समाजानें दिली ती तो समाजाचा घटक म्हणून दिली. केवळ शिकण्याची क्रिया सारखी दिसली म्हणून ती यंत्राच्या मालकास देतां येत नाहीं.

ह्यावर मराठी लेखकानें आपलें पुस्तक कुलुपांत ठेवावें असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही उतावळेपणाचा होईल. ज्या भाषेंतील ग्रंथ यंत्रानें वाचले नाहींत ती भाषा तें अडखळत बोलेल. आणि उद्यां आपलीं मुलें त्याच यंत्राला प्रश्न विचारतील तेव्हां त्यांच्या कानीं हीच मोडकी मराठी पडेल. ज्याच्या पुस्तकाची आवृत्ति हजारभर प्रतींची, त्या लेखकानें फुकट द्यावें तर पोट जातें, न द्यावें तर भाषा जाते. ही कोंडी इंग्रजींत लिहिणाऱ्या पंडितांच्या डोळ्यांपुढें नव्हती. म्हणूनच त्यांचा वाद परवानगी कीं मुभा ह्या दोन टोकांतच फिरत राहतो. वाचूं द्यावें, पण मोबदला देऊन. एकेकाशीं करार अशक्य असेल तर सामुदायिक व्यवस्थेनें, हा मधला मार्ग आमच्यासारख्या लहान बाजाराच्या भाषांच्या दृष्टीनें कोणीतरी बारकाईनें शोधावयास हवा.

नोव्हेंबर २०२४ मध्यें ए. एन. आय. ह्या वृत्तसंस्थेनें ओपन-एआय ह्या कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयांत दावा दाखल केला आणि हा प्रश्न आपल्या अंगणांत आला. अशा दाव्यांत न्यायालयापुढें परदेशी निबंधांतील वचनें येणारच. तीं उसनीं घेतांना त्यांच्या मागची परिस्थिति आपली नव्हे, एवढें भान आपल्या विधिज्ञांनीं ठेवावें. आणि हें संशोधन मराठींतही व्हावें. ज्याच्या हक्काचा हा प्रश्न आहे त्या लेखकाला तें निदान वाचतां तरी येईल.