फोटोची मागची बाजू

जुना कागद आणि जुना फोटो यांना आपण दोन वेगळे न्याय लावतो. मोडी कागद हाती आला की त्यावर विश्वास टाकण्याआधी आपण त्याची उलटतपासणी घेतो. शिक्का कोणाचा, अक्षराचे वळण कोणत्या काळाचे, मिती दिली आहे पण शक नाही, तर साल कशावरून धरायचे? वि. का. राजवाडे यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, आणि पुढे ही शिस्त मराठी अभ्यासकांच्या अंगवळणी पडली. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. तेव्हा खानदेशाला ही शिस्त परकी नाही. पण याच खानदेशातल्या एखाद्या घरात ट्रंकेच्या तळातून पिवळा पडलेला फोटो निघाला, की घरातले सर्वांत वडील माणूस त्यावर बोट ठेवून म्हणते, ‘हे आपले आजोबा.’ संपले. त्या बोटाला पुरावा मागण्याची आपली रीत नाही.

हल्ली हे फोटो स्कॅन होऊन कुलवृत्तांतात, अमृतमहोत्सवी गौरवग्रंथांत आणि घरगुती स्मरणिकांत छापले जातात. अशी पुस्तके मी आवडीने जमवतो. त्यांतल्या वंशावळी कष्टाने जुळवलेल्या असतात, सनदा आणि सातबारे तपासलेले असतात. फोटोंकडे वळले की मात्र हा काटेकोरपणा गळून पडतो. ‘बसलेले डावीकडून’ अशी ओळ, त्यापुढे पुरुषांची पूर्ण नावे, बायका असल्या तर नुसते ‘सौ.’ किंवा ‘घरातील स्त्रिया’. फोटो कडेने कातरलेला, डाग पुसलेला, आणि अलीकडे तर संगणकाकडून रंगवून घेतलेला. हे सारे प्रेमापोटी होते, पण त्यात पुरावा जातो.

काय जाते ते पाहू. स्टुडिओतला जुना फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असे आणि पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला किंवा पाठीमागे स्टुडिओचा छाप असे. खानदेश जिल्ह्याचे 1906 साली दोन भाग झाले. पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. 1960 च्या सुमारास ही नावे जाऊन जळगाव आणि धुळे अशी जिल्ह्यांची नावे आली. त्यामुळे छापात ‘जि. पू. खानदेश’ एवढे तुकड्यापुरते जरी वाचता आले, तरी अलीकडची आणि पलीकडची हद्द हाती लागते. (दुकानदार जुने पुठ्ठे संपेपर्यंत वापरतो, म्हणून अलीकडच्या हद्दीला चार-पाच वर्षांची सूट द्यावी.) स्कॅन करणारा पोरगा मात्र नेमकी हीच कड कापतो, कारण तिच्यात चेहरा नसतो. पाठीमागची बाजू तर स्कॅनच होत नाही. वास्तविक पाठ आधी आणि चेहरा नंतर असा क्रम ठेवला पाहिजे.

रंगाचे प्रकरण याहून गमतीचे आहे. सुरुवातीच्या काचा फक्त निळा उजेड टिपत. नंतरच्या काचा आणि फिल्म हिरव्यापर्यंत पोचल्या, पण लाल रंग त्यांना दिसत नसे. सर्व रंग टिपणारी फिल्म सर्रास झाली ती विसाव्या शतकाची दोन-तीन दशके उलटल्यावर, आणि लहान गावांत त्याहूनही उशिरा. याचा अर्थ असा, की त्या काळच्या फोटोत लाल लुगडे काळे उमटते आणि निळे लुगडे फिके, जवळजवळ पांढरे. आता नातवंडे म्हणतात, ‘आजीने चंद्रकळा नेसली होती.’ नेसली असेलही. पण ते लग्नातले लाल लुगडे असण्याचा संभव तितकाच. उलट फिके लुगडे पाहून एखादीला विधवा ठरवल्याचे मी पाहिले आहे. रंग भरणाऱ्या संगणकाला यातले काही ठाऊक नसते. त्याला काळे दिसले की तो काळ्याच्या जवळचे काहीतरी भरतो, आणि अंदाजाला छापील चित्राचे वजन येते.

दुसरा घोटाळा डाव्या-उजव्याचा. निगेटिव्ह उलटी ठेवून स्कॅन केली की सगळे आरशातल्यासारखे फिरते. इतर ठिकाणी ही चूक पदरावरून चटकन कळेल, कारण मराठी नेसणीत पदर डाव्या खांद्यावरून जातो. खानदेशात ही खूण पुरत नाही. गुजरात शेजारी. गुजर, मारवाडी, गुजराती घरे गावोगाव. त्या नेसणीत पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो. तेव्हा उजवा पदर दिसला तर फोटो उलटा आहे की नेसणच वेगळी, हे शेजारच्या पुरुषाकडे पाहून ठरवावे. त्याच्या शर्टाचा खिसा डाव्या छातीवर आहे का, डावी पट्टी उजवीवर आली आहे का? टोपीही कामाची. पांढरी गांधी टोपी दिसली तर फोटो 1920 च्या आधीचा सहसा नाही. पगडी दिसली म्हणून तो जुनाच असे मात्र नाही. फैजपूरच्या डिसेंबर 1936 च्या काँग्रेस अधिवेशनाचा मोह इथे आवरावा लागतो. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन, यावल-रावेरकडच्या माणसांना त्याचा अभिमान असणारच. पण टोपीवाल्या तरुणांचा प्रत्येक घोळका फैजपूरचा नसतो.

स्टुडिओतल्या वस्तूंबद्दल थोडक्यात सांगतो. खुर्ची, फुलदाणी, हातातले जाड पुस्तक, मागचा पडद्यावरचा बगीचा आणि पुष्कळदा अंगातला कोटसुद्धा स्टुडिओचा असे. त्यावरून घराची श्रीमंती किंवा शिक्षण ठरवू नये. क्रिस्टोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातल्या नागद्यातील स्टुडिओंवर ‘कॅमेरा इंडिका’ (1997) हे पुस्तक लिहिले. स्टुडिओतले सोंग हे खोटेपण नव्हे, माणसाला जसे दिसायचे होते त्याचे ते चित्र आहे, असा त्यातला सूर मला पटतो. मात्र पिनींपुढे स्टुडिओवाले आणि फोटोतली माणसे जिवंत होती. त्यांना विचारता येत होते. आपल्या ट्रंकेतले फोटो मुके आहेत. कॅमेऱ्यापुढे काहीही उभे करता येते हे खानदेशाला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. चाळीसगावच्या स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस (1912–1989) यांनी आयुष्याचा मोठा भाग घराबाहेर जवळजवळ न पडता काढला, आणि टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, उजेड खेळवून अख्खी निसर्गदृश्ये फोटोत उभी केली. त्यांचे कलादालन पाहून आलेल्या माणसाने तरी फोटोला एकदम साक्षीदार म्हणू नये.

आता अमळनेरकडच्या माझ्या एका नातलगांच्या घरातली तसबीर. माजघरात एका तरुण बाईचे मोठे चित्र आहे. पितृपक्षात तिला हार घालतात. घरात तिला ‘थोरली’ म्हणतात. आजोबांची ही पहिली बायको, मूलबाळ न होता लवकर गेली. घरातली सगळी संतती धाकटीची. तसबीर 1970 नंतर कधीतरी जळगावात करून घेतली. एका समूहफोटोतला चेहरा मोठा करायचा, त्यावर ब्रशने काम करायचे आणि नसलेले खांदे रंगवायचे, अशी तेव्हा सर्वत्र पद्धत होती. खानदेशातल्या कितीतरी भिंतींवरच्या आज्यांचा चेहराच तेवढा त्यांचा आहे, खांदे आर्टिस्टचे.

मूळ समूहफोटो गेल्या वर्षी सापडला. पुठ्ठ्यावर ‘पू. खानदेश’. नऊ माणसे, पुढे आजोबांच्या मांडीवर दीड-दोन वर्षांचे मूल, मागे दोन बाया उभ्या. त्यांतल्या उजवीकडच्या बाईचा चेहरा तसबिरीत गेला आहे, याबद्दल शंका नाही. मानेचा कल आणि पदराची घडी तीच. पण मांडीवरचे मूल कोणाचे? घरातले सगळे म्हणतात, थोरल्या काकांचे बालरूप. काका धाकटीचे. मग फोटोच्या वेळी थोरली जिवंत कशी? शाळेच्या दाखल्यावर काकांची जन्मतारीख 1 जून 1931 आहे. ही तारीख पाहून हसू येते, कारण त्या काळी मास्तर निम्म्या वर्गाची जन्मतारीख 1 जून लिहीत. तेव्हा दाखल्यावर भिस्त ठेवता येईना. ब्याऐंशी वर्षांच्या आत्यांनी धाकटीला पाहिले ते उतारवयात. तरुणपणच्या चेहऱ्याबद्दल त्या काही सांगेनात.

रोलां बार्थ यांनी आईच्या मृत्यूनंतर तिचे जुने फोटो चाळले, आणि पाच वर्षांच्या मुलीच्या एका फोटोत त्यांना ती सापडली. ‘कॅमेरा ल्युसिडा’ (1980) या पुस्तकाचा तो गाभा आहे, आणि तो फोटो त्यांनी छापलेला नाही. कौटुंबिक फोटोंवर लिहिणारा जो तो बार्थचा आधार घेतो. मला वाटते, इथे बार्थ उपयोगाचे नाहीत. त्यांनी आईला ओळखले, कारण ती त्यांना माहीत होती. जिला ओळखणारे कोणीच उरले नाही, तिच्या बाबतीत मन भरून येण्याने काही सिद्ध होत नाही. शिवाय आपल्याकडे तर आधी फोटोच निघत नसत. बहिणाबाई चौधरींचा चेहरा म्हणून आपल्या डोळ्यांपुढे येतो तो डोईवर पदर घेतलेल्या म्हातारीचा. 1880 साली जन्मलेल्या आसोद्याच्या पोरीचा, जळगावच्या सुनेचा चेहरा आपल्याजवळ नाही.

अमळनेरचा समूहफोटो आम्ही आधी सहाशे आणि मग बाराशे डीपीआयवर स्कॅन केला. उजवीकडच्या बाईच्या गळ्यात मंगळसूत्राच्या खाली एक चपटा, जोंधळ्याच्या दाण्याएवढा तुकडा दिसतो. तसबिरीत तो नाही. आर्टिस्टला तो डाग वाटला असावा, त्यावर त्याने नीट काळे मणी ओवून दिले आहेत. आत्यांना पडद्यावर तो तुकडा मोठा करून दाखवला, तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, ‘सवतीचा टाक.’ पहिली बायको वारली की दुसरीने तिचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेली प्रतिमा, गळ्यात घालायची, अशी चाल महाराष्ट्रात पुष्कळ घरांत होती. मेलेल्या सवतीचा त्रास होऊ नये आणि तिचा मानही राहावा म्हणून.

तो ताईत किंवा पुतळीही असू शकेल. तेवढ्या दाण्यावरून शपथ घेता येणार नाही. पण मांडीवरचे मूल आणि गळ्यातला टाक एकमेकांना दुजोरा देतात, आणि माझा कौल असा, की इतकी वर्षे थोरली म्हणून जिला हार घातला जातो ती धाकटी आहे. थोरलीचा फोटो नाही. तिचे जे काही रूप त्या घरात आहे ते सवतीच्या गळ्यातल्या त्या चपट्या ठिपक्यात, आणि तो ठिपका स्कॅनमध्ये चाळीस-पन्नास बिंदूंचा भरतो. घरच्यांनी तसबीर उतरवलेली नाही. समूहफोटोच्या पुठ्ठ्यामागे मात्र आत्यांनी स्वतः पेन्सिलीने दोघींची माहेरची नावे लिहिली. ती आजवर कुठल्याही कागदावर नव्हती.