स्वरयंत्रोच्छेदनानंतरची वाणी : परीक्षणाच्या कसोट्यांचा विचार

कर्करोगग्रस्त स्वरयंत्र संपूर्ण काढून टाकण्याची शस्त्रक्रिया बिलरोथ यांनी व्हिएन्ना येथे १८७३ साली केली. तेव्हापासून प्राण वाचलेल्या रोग्याला वाणी कितपत परत मिळाली, हे ठरविण्याचा प्रश्न वैद्यकापुढे उभा आहे. तो केवळ वैद्यकाचा नसून भाषाशास्त्राचाही आहे, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

अशा रोग्याला बोलण्याचे मुख्य मार्ग तीन. अन्ननलिकेत घेतलेली थोडी हवा बाहेर सोडून बोलणे, हा पहिला. गळ्यावर विजेचे कंपनयंत्र टेकवून बोलणे, हा दुसरा. तिसरा मार्ग सिंगर व ब्लोम यांनी १९८० च्या सुमारास रूढ केला. त्यात श्वासनलिका व अन्ननलिका यांमधील छिद्रात झडप बसवून फुफ्फुसातील हवा वापरतात; त्यामुळे वाक्य दीर्घकाळ पेलता येते.

या वाणीचे मोजमाप करावयाचे कोणत्या मापाने? हिरानो यांनी १९८१ साली प्रसृत केलेली कसोटी विकृतीची एकूण तीव्रता, खरखर, श्वासमिश्रता, दुर्बलता व ताण यांवर आवाज पारखते. ती स्वरतंतू असलेल्या रोग्यांसाठी योग्यच आहे. पण ज्याला स्वरतंतूच नाहीत, त्याचा आवाज या मापाने बहुधा तीव्र विकृतच ठरावयाचा. दोन रोग्यांमधील फरक किंवा एकाच रोग्याची प्रगती त्यातून नीट दिसत नाही. मूरमन व सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलेल्या कसोटीत सुबोधता, ओघ व घोषत्व यांना स्थान मिळाले, ही निश्चितच पुढची पायरी होय.

तथापि सुबोधता ही भाषेगणिक बदलणारी गोष्ट आहे. कंठ संवृत असता नाद, विवृत असता श्वास आणि मध्यस्थितीत हकार, असे विवेचन तैत्तिरीय प्रातिशाख्यात आढळते. ज्या अवयवाच्या उघडझापीवर हा भेद उभा आहे, तोच शस्त्रक्रियेत जातो. मराठीत 'खार', 'गार', 'घार' हे शब्द घोषत्व व महाप्राणत्व यांनीच वेगळे होतात. कंपनयंत्राच्या अखंड नादामुळे 'काय' हे 'गाय' असे ऐकू येण्याचा संभव असतो. 'म्हैस', 'न्हावी', 'कोल्हा' यांतील हकारयुक्त व्यंजने इंग्रजी शब्दयाद्यांत येणारच नाहीत. म्हणून अशा याद्यांचे केवळ भाषांतर करून भागणार नाही.

हे जालना जिल्ह्याच्या संदर्भात पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. मोंढ्यात माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला गलबल्यात भाव सांगावा लागतो. 'सहा' व 'दहा' या दोन्ही संख्यांत हकार आहे. होकाराचे 'हो' किंवा खेड्यातील 'व्हय' हेही त्याच ध्वनीवर अवलंबून आहेत. शांत खोलीत दीर्घ 'आ' उच्चारवून केलेली परीक्षा या व्यवहाराबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय झडप काही महिन्यांनी बदलावी लागते. भोकरदन किंवा मंठा तालुक्यातील रोग्याला त्यासाठी मोठ्या शहरी वारंवार जावे लागत असेल, तर उत्तम आवाज देणारे साधनही त्याच्यापुरते अपुरे ठरते.

तेव्हा मराठी भाषकांच्या परीक्षणात अल्पप्राण-महाप्राण व घोष-अघोष जोड्यांची यादी असावी. श्रोते रोग्याच्याच बोलीचे असावेत. आणि परीक्षा गोंगाटातही व्हावी. आवाज निरोगी माणसाच्या आवाजासारखा झाला का, यापेक्षा बोललेले समोरच्यास कळले का, हीच पुनर्वसनाची खरी कसोटी होय.