दिव्यांग हक्क अधिनियमातील भाषाविचार

कायद्याच्या संहितेकडे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने वळावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु शाळेतील विशेष शिक्षण सर्वांस समन्यायाने मिळावे, हाही हेतू मनात धरून संसदेने २०१६ साली जो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम केला, त्याची शिक्षणविषयक कलमे वाचताना वारंवार उभा राहणारा प्रश्न भाषेचाच आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलास शाळेत प्रवेश मिळाला. तेथे त्याला कोणत्या भाषेत शिकवावयाचे?

जमेच्या बाजूस जे आहे ते प्रथम मान्य केले पाहिजे. १९९५ च्या अधिनियमात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ते येथे २१ झाले. सर्वसाधारण शाळेत मुलास सामावून घेण्याची जुनी कल्पना मागे पडून समावेशक शिक्षणाची व्याख्या आली, आणि तीत अध्यापनाची रीत मुलाच्या गरजेशी जुळती करावयाची आहे. कलम ३१ अन्वये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास नजीकच्या किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे थोडे नव्हे. क्रियापदांविषयी मात्र समाधान वाटत नाही. शाळांनी समावेशक शिक्षण द्यावे यासाठी शासन 'प्रयत्न करील', असा कलम १६ चा आरंभ आहे. पुढे आज्ञार्थी रूपे येतात खरी. परंतु मुख्य क्रियापदच दुबळे राहिले, तर त्याच्या आधाराने उभ्या असलेल्या उपवाक्यांनी किती भार पेलावा?

तथापि खरी उणीव याहून खोल आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांगहक्कविषयक करारास भारताने २००७ साली अनुसमर्थन दिले, आणि त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणूनच हा अधिनियम झाला. त्या कराराच्या दुसऱ्या अनुच्छेदात 'संज्ञापन' व 'भाषा' या दोन शब्दांच्या स्वतंत्र व्याख्या आहेत. भाषेच्या व्याख्येत बोलीव भाषांच्या जोडीला सांकेतिक भाषांचाही स्पष्ट समावेश आहे. आमच्या अधिनियमाने संज्ञापनाची व्याख्या उचलली आणि भाषेची वगळली! परिणामी सांकेतिक भाषा ही ब्रेल, मोठ्या टाइपातील मजकूर, दृक्‌श्राव्य साधने यांच्या यादीत जाऊन बसली. कलम १७ मध्येही ब्रेल व सांकेतिक भाषा यांचा उल्लेख जोडीनेच येतो, आणि तेथील एका पोटकलमात तर ही दोन्ही मुलाच्या स्वतःच्या बोलण्यास पूरक म्हणून सांगितली आहेत. ते पोटकलम वाचादोष असणाऱ्यांसाठी आहे, असा बचाव करता येईल. पण त्यानेही मूळ घोटाळा सुटत नाही.

ब्रेल ही लिपी आहे. मराठी ब्रेल वाचणाऱ्या अंध मुलास मराठी आधीच अवगत असते. बोटांखाली येते ती तीच भाषा. सांकेतिक भाषा हे मराठीचे वा हिंदीचे हस्तलेखन नव्हे. अमेरिकन सांकेतिक भाषेला स्वतःची अंतर्गत रचना आहे, हे स्टोकी यांनी १९६० साली दाखविले. भारत-पाकिस्तानातील सांकेतिक भाषेचे उलरिके झेशन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेले वर्णन पाहावे: प्रश्नार्थक चिन्ह वाक्याच्या अखेरीस येते, नकारही बहुधा तेथेच. 'तुझे नाव काय आहे' या मराठी शब्दक्रमाचे ते हातांनी केलेले रूपांतर नाही. (आपण अजूनही सहज 'मूकबधिर' म्हणतो, त्यातील पहिल्या पदाचा खोटेपणा येथे उघड होतो.)

कलम १६ मध्ये अंध व बधिर विद्यार्थ्यांस 'अत्यंत समुचित' भाषांतून शिकवावे असे म्हटले आहे. पण समुचित कोणती, हे ठरवावयाचे कोणी, ते सांगितलेले नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात, शक्य तेथवर मातृभाषा हे माध्यम असावे, असा निर्देश आहे. बहुसंख्य कर्णबधिर मुलांच्या माता ऐकणाऱ्या व बोलणाऱ्या असतात. अशा मुलाची 'मातृभाषा' मराठी म्हणावी, तर ती त्याच्या कानी कधी पडलेलीच नाही. सांकेतिक म्हणावी, तर ती मातेला येत नाही. ज्या संज्ञेवर आम्ही माध्यमाचा एवढा वाद घातला, ती येथे निरुपयोगी ठरते. शिवाय कलम ३१ चा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो, आणि प्रथम भाषा मनात रुजण्याचा काळ तोवर बव्हंशी सरलेला असतो. दोन्ही कानांची श्रवणहानी ७० डेसिबल असेल तर मूल बधिर, हे परिशिष्ट काटेकोरपणे सांगते. सहाव्या वर्षी त्या मुलाजवळ एखादी तरी भाषा आहे काय, हे कोणीच विचारीत नाही.

केंद्र शासनाने २०२२ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर १० विद्यार्थ्यांमागे एक व वरच्या वर्गांत १५ मागे एक असे ठरविले. त्या शिक्षकांपैकी सांकेतिक भाषेत अस्खलितपणे शिकवू शकणारे किती असावेत, याचे प्रमाण अद्याप ठरावयाचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय सांकेतिक भाषेचे प्रमाणीकरण करण्याचे योजिले आहे, स्थानिक सांकेतिक भाषांनाही 'शक्य व प्रस्तुत असेल तेथे' स्थान देऊ केले आहे. प्रमाण मराठी घडताना वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्या मुलाला वर्गात काय सोसावे लागले, हे आपणांस ठाऊक आहे. त्या मुलाजवळ निदान घरी बोलावयास अहिराणी होती.