परतणे की परदेशगमन? शरणपूरच्या आफ्रिकी कुटुंबांच्या स्थलांतराची कथने

१

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून परदेशी गेलेल्यांचा विषय निघाला की अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे ठरावीक चित्रे उभी राहतात. १८८३ साली वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी आणि त्याच वर्षी लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाई ही त्यांतील प्रमुख होत. या प्रवासांची चरित्रे झाली, प्रवासवृत्ते झाली, पुढे कादंबऱ्याही झाल्या. परंतु याच्या सुमारे आठ वर्षे आधी नाशिकजवळच्या एका वसाहतीतून बायकामुलांसह निघून समुद्रापलीकडे कायमच्या स्थायिक झालेल्या कुटुंबांना मराठी वाङ्मयेतिहासात स्थान मिळालेले दिसत नाही. ही कुटुंबे शरणपूरच्या आफ्रिकी ख्रिस्ती लोकांची होत. त्यांचे जाणे इंग्रजी साधनांत नोंदले गेले आहे. तथापि ते ज्या एका शब्दाच्या आश्रयाने नोंदले गेले, तो शब्दच तपासून घेण्याची आवश्यकता आहे. तो शब्द म्हणजे ‘परतणे’.

ही माणसे आफ्रिकेत जन्मली होती, सबब ती आफ्रिकेस ‘परत’ गेली, असे हे साधे तर्कशास्त्र आहे. मिशनच्या वृत्तांतांनी ते रूढ केले आणि पुढील इतिहासलेखनाने बहुतांशी तसेच स्वीकारले. या लोकांची स्वतःची उपलब्ध कथने व त्यांच्याविषयीची इतरांची कथने यांची तुलना केली असता हा शब्द अपुरा, किंबहुना दिशाभूल करणारा ठरतो, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२

प्रथम घटनांचा क्रम पाहणे इष्ट होईल. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिक येथे १८३२ साली कार्यास आरंभ केला. १८५४ मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने शहराच्या शेजारी ख्रिस्ती वसाहत स्थापिली, तीच शरणपूर. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून नेणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडीत असे आणि सुटका झालेल्यांपैकी अनेकांना मुंबईस आणून उतरवीत असे. यांत लहान मुलांचा भरणा मोठा होता. त्यांपैकी काहींची रवानगी शरणपूरच्या आश्रयगृहात झाली. तेथे त्यांना अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हातचे धंदे शिकविण्यात येत. मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, संसार उभे राहिले.

येथून आफ्रिकेकडे जाणे टप्प्याटप्प्याने घडले. १८६४ मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर व जॉर्ज डेव्हिड हे मोंबासानजीकच्या रबाई येथे योहान्नेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याच्या मदतीस गेले. डेव्हिड लिव्हिंग्स्टनने १८६६ च्या आरंभी आपल्या अखेरच्या मोहिमेवर निघताना नाशिकचे नऊ तरुण बरोबर घेतले. १८७२ मध्ये त्याच्या साहाय्यार्थ आणखी काही तरुण पाठविण्यात आले. त्यांत जेकब वेनराइट, कारस फॅरार व मॅथ्यू वेलिंग्टन हे होते. पुढे मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या खटपटीनंतर जून १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाशी करार होऊन तेथील गुलामांचा बाजार बंद झाला. मुक्त झालेल्यांसाठी किनाऱ्यावरच वसाहत हवी, असे ठरले. शरणपूर वसविणारे प्राइस हेच १८७४ च्या अखेरीस मोंबासास गेले. बेटासमोरच्या मुख्य भूमीवर त्यांनी जी वसाहत उभारली, तिला फ्रेअरटाउन असे नाव मिळाले. नव्याने सुटून येणाऱ्यांना शिकविण्यासाठी व वसाहतीचे व्यवहार चालविण्यासाठी मुंबई इलाख्यातून सुमारे दीडशे आफ्रिकी लोक तेथे नेण्यात आले. नाशिकच्या कुटुंबांचे हे स्थलांतर होय.

३

आता कथनांकडे वळावयाचे. पहिले कथन लिव्हिंग्स्टनच्या दैनंदिनीचे. त्याच्या मृत्यूनंतर होरेस वॉलर यांनी संपादिलेली ही दैनंदिनी १८७४ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. तीत नाशिकच्या तरुणांचा उल्लेख वारंवार येतो आणि तो बहुधा नाराजीचाच असतो. ते आळशी आहेत, त्यांना ओझी वाहावयास नकोत, अशा तक्रारी तेथे आढळतात. या नाराजीचे मूळ अपेक्षेत आहे. ही मुले आफ्रिकी असल्याने आफ्रिकेतील पायपीट त्यांना स्वाभाविक वाटेल, अशी ती अपेक्षा होती. पण ज्याने आपली जाणती वर्षे गोदाकाठच्या शाळेत व कारखान्यात काढली, त्याला रोवुमा नदीचे रान तितकेच परके होते, जितके ते एखाद्या नाशिककराला असते. लिव्हिंग्स्टनला हे परकेपण दिसत नाही. त्याला फक्त कामचुकारपणा दिसतो.

परंतु याच दैनंदिनीत १८६६ मधील एक नोंद अशी आहे की, ती संपूर्ण प्रश्नाचा गाभाच उलगडून दाखविते. नाशिकच्या तरुणांपैकी अब्राहम नावाच्या एकास वाटेत त्याचा मामा भेटतो. अब्राहम मामाला ओळखतो. अब्राहम गुलाम म्हणून नेला गेल्यानंतर त्याची आई व दोन बहिणी यांनाही विकण्यात आले, ही वार्ता त्याला तेथे कळते. मामा त्याला राहण्याचा आग्रह करतो. लिव्हिंग्स्टनही तोच सल्ला देतो. अब्राहम नकार देतो. जेथे आई नाही आणि बहीण नाही तेथे राहावे कसे, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. लिव्हिंग्स्टन यावरून एवढेच टिपून ठेवतो की, या लोकांत मायेचा ओढा आईच्या बाजूस अधिक असतो.

लिव्हिंग्स्टनला ही नोंद मानववंशशास्त्रीय निरीक्षणासारखी वाटली. मराठी वाचकाला तिचा अर्थ अधिक जवळून कळावयास हवा. मातेच्या घरावरून ‘माहेर’ हा शब्द ज्या भाषेत सिद्ध झाला, त्या भाषेला हे सांगण्याची गरज नाही की, घर म्हणजे भूमी नव्हे. घर म्हणजे तेथे असलेले माणूस. अब्राहमला जन्मभूमी सापडली होती, आप्त सापडला होता. सापडले नव्हते ते घर. तेव्हा परतण्याची जी आदर्श परिस्थिती म्हणून कल्पिता येईल, ती प्रत्यक्ष लाभूनही हा तरुण परतत नाही. जन्मस्थानी पोहोचणे आणि परतणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल. सर्व मंडळींमध्ये ज्याला परतण्याचा खरोखर पर्याय मिळाला, त्याचेच उत्तर असे असेल, तर ज्यांना आपले मूळ गाव व मूळ आप्त कधीच सापडले नाहीत, त्या फ्रेअरटाउनच्या कुटुंबांविषयी ‘परत गेली’ असे म्हणणे कितपत न्याय्य ठरेल?

४

दुसरे कथन जेकब वेनराइटचे. मे १८७३ च्या आरंभी चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाल्यावर त्याच्या सोबत्यांनी त्याचे शव सुमारे नऊ महिने चालत बागामोयोच्या किनाऱ्यास आणले. या प्रवासाची वेनराइटने इंग्रजीत रोजनिशी लिहिली. ती प्रथम १८७४ मध्ये जर्मन भाषांतरात प्रसिद्ध झाली. मूळ हस्तलिखित सर्व अभ्यासकांस सुलभ होण्यास २०१९ साल उजाडावे लागले. लिव्हिंग्स्टनवरील अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटनेच वाचली, झाडाच्या बुंध्यावर अक्षरे त्यानेच कोरली, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटी वाहून नेणाऱ्यांत तोही होता.

या रोजनिशीचे वाङ्मयीन वैशिष्ट्य तिच्या संयमात आहे. मुक्काम, वाटचाल, आजार, गावच्या मुखियाशी झालेली देवघेव हा तिचा विषय. लेखकाच्या अंतरंगाला तीत फारसा वाव नाही. याओ वंशात जन्मलेला, बालपणी पकडला गेलेला हा मनुष्य आपण ‘मायदेशी’ आल्याची भावना कोठे व्यक्त करील, अशी वाचकाची अपेक्षा असते; ती अपेक्षा पुरी होत नाही. कोणी म्हणतील की, मिशनशाळेच्या शिस्तीने भावनेचा संकोच केला. हा खुलासा अंशतः खरा आहे. परंतु दुसराही एक खुलासा संभवतो: लेखक प्रवासी आहे, आणि तो प्रवाशाच्याच नजरेने लिहितो. स्थळांची नावे, अंतरे व दिवस यांची काळजीपूर्वक नोंद ठेवणे ही परक्या मुलखातून जाणाऱ्याची रीत आहे.

कारस फॅरारनेही या प्रवासाची हकीकत लिहून ठेवली होती. तिचे प्रकाशन १९५० मध्ये युगांडातील एका संशोधनपत्रिकेत झाले. त्याचे आडनाव नाशिकच्या आद्य मिशनऱ्यांपैकी एकाच्या आडनावाची आठवण करून देते. नाव मिशनचे, भाषा मिशनची, आणि प्रसिद्धी मिळाली ती एका थोर प्रवाशाच्या मृत्यूमुळे! मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोंबासास हयात होता. त्याचीही ओळख ‘लिव्हिंग्स्टनशी जोडणारा अखेरचा दुवा’ अशीच करून दिली गेली. या सर्व लेखनातील समान मर्यादा ही की, त्यात लिव्हिंग्स्टनचे शव आहे, पण शरणपूरचे घर नाही. आणि बायकांचा आवाज तर जवळजवळ नाहीच. १८७४-७५ मध्ये ज्या स्त्रियांनी आपला मांडलेला संसार मोडून मुलांसह गलबत गाठले, त्यांना शरणपूर सोडताना काय वाटले, हे सांगणारे कथन या परंपरेत हाती लागत नाही.

५

ही उणीव अलीकडच्या एका कादंबरीने अंशतः भरून काढली आहे. झिम्बाब्वेच्या लेखिका पेटिना गप्पा यांची ‘आउट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट’ ही कादंबरी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा एक भाग लिव्हिंग्स्टनची स्वयंपाकीण हलिमा सांगते, तर दुसरा मोठा भाग जेकब वेनराइटच्या काल्पनिक रोजनिशीच्या रूपाने येतो. हलिमाचे कथन बोलके, खोचक, घरगुती. जेकबचे धार्मिक आडंबराने भारलेले. दोन शैलींच्या या विरोधातून लेखिकेने इतिहासाने गप्प ठेवलेल्यांना वाचा दिली, हे तिचे यश निर्विवाद आहे. आपले स्वतःचे घर असावे, ही हलिमाची आकांक्षा कादंबरीला मानवी खोली देते.

तथापि नाशिकच्या दृष्टीने पाहता एक आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. या कादंबरीत नाशिक हे मुख्यत्वे एका शाळेचे नाव म्हणून उरते. जेकबच्या इंग्रजीचा व धर्माभिमानाचा उगम म्हणून ते येते. नदी, बाजार, कारखान्यातील हातोडा, शेजारपाजारची मराठी यांनी भरलेले गाव म्हणून येत नाही. त्यामुळे जेकबचा अहंकार हा केवळ मिशनऱ्यांचे अनुकरण ठरतो आणि उपहासाचा विषय होतो. त्याच्या ताठ्यामागे एका गमावलेल्या गावाचे दुःख असू शकेल, ही शक्यता लेखिकेने पुरेशी अजमावलेली नाही. आफ्रिकेच्या बाजूने लिहिलेल्या कादंबरीस हा दोष म्हणून चिकटविणे कदाचित अन्यायाचे होईल. ती बाजू मांडण्याचे काम मराठीचे होते, आणि ते मराठीने केलेले नाही.

६

‘परतणे’ या शब्दाच्या समर्थनार्थ एक सबळ युक्तिवाद करता येईल. फ्रेअरटाउन व रबाई येथे गेलेल्या या मंडळींनी आफ्रिकेलाच आपले मानले, तेथेच ती देह ठेवती झाली. विल्यम जोन्स याचे उदाहरण यासंबंधी बोलके आहे. १८८५ मध्ये तो डीकन झाला. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन यांच्याबरोबर तो युगांडाच्या वाटेवर होता. बिशपांनी मोठा तांडा त्याच्या स्वाधीन करून पुढे प्रयाण केले व ते मारले गेले. उरलेल्या माणसांना जोन्सने रबाईपर्यंत सुखरूप परत आणले. पुढे रबाईत आश्रयास आलेल्या पळून आलेल्या गुलामांचा प्रश्न उभा राहिला. मालक त्यांना मागत होते, जोन्स त्यांना सोडावयास तयार नव्हता. अखेर ब्रिटिश कंपनीच्या वतीने जॉर्ज मॅकेन्झी यांनी मोबदला चुकता केला आणि १८८९ च्या आरंभी सुमारे चौदाशे जणांना मुक्तीची प्रमाणपत्रे मिळाली. अशा मनुष्याला आफ्रिका परकी होती असे कोण म्हणेल?

हा युक्तिवाद मान्य करूनही त्यातून निघणारे अनुमान उलट आहे. जोन्सला आफ्रिका आपली झाली ती जन्माने नव्हे, तर कर्तृत्वाने. पळून आलेल्या गुलामासाठी त्याने जे केले, त्यामागे स्वतः बंधनातून सुटलेल्याची स्मृती होती, तशीच एका वसाहतीत नव्याने घर उभारण्याची नाशिकात घेतलेली तालीमही होती. प्राइस यांनी शरणपूरचा नमुना मोंबासास नेला असे म्हणतात. वस्तुतः तो नमुना या कुटुंबांच्या हातांनी गेला. आणि तेथे गेल्यावरही त्यांची ओळख काय राहिली? ती ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ ही होती. वेतन व दर्जा यांवरून युरोपीय मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडत, तेव्हा स्वतःस शिकलेले व हुन्नर जाणणारे म्हणून जो मान ते मागत होते, तोही याच ओळखीवर आधारलेला होता. जे ‘परत’ गेले, त्यांना तेथील लोकांनी मुंबईच्या नावाने ओळखावे, यापरते परदेशगमनाचे दुसरे लक्षण कोणते?

तात्पर्य, या कुटुंबांनी दोनदा देश बदलला. पहिल्यांदा बळाने, लहानपणी, एकट्याने. दुसऱ्यांदा मिशनच्या योजनेनुसार, संसार पाठीशी घेऊन. पहिल्या वियोगाला इतिहासाने गुलामगिरी हे यथार्थ नाव दिले. दुसऱ्याला ‘परतणे’ म्हटल्याने त्यातील वियोगच पुसला गेला, आणि त्याबरोबर नाशिकचे त्यांच्यावरील ऋण व त्यांचे नाशिकवरील ऋण दोन्ही नाहीशी झाली. शरणपूर आज शहरातील एका गजबजलेल्या रस्त्याच्या नावात उरले आहे. मोंबासात फ्रेअरटाउनच्या घंटेवरून पडलेले ‘केंगेलेनी’ हे स्थलनाम नांदत आहे. या दोन नावांमधील अंतर समुद्राचे आहे. ते ज्यांनी ओलांडले, त्यांचा समावेश मराठी मुलखातून परदेशी गेलेल्या कुटुंबांच्या इतिहासात होणे अवश्य आहे. त्यासाठी मिशनची जुनी दप्तरे, बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी आणि मोंबासाकडील वंशजांच्या आठवणी मराठी अभ्यासकांनी एकत्र वाचावयास हव्यात. वाचताना अब्राहमचे उत्तर ध्यानी ठेवले म्हणजे कोणत्या बाजूस घर होते, याचा निर्णय आधीच गृहीत धरण्याची चूक तरी टळेल.